टेलच्या गाडीत शहारे होता

माझी पहिली हाय अल्टिट्यूड पोस्टिंग लेहची. ट्रान्सपोर्ट बटालियनमध्ये ड्रायव्हर होतो. शहारे मला तिथेच भेटला. मी तिरोड्याकडचा, बोदलकसाच्या तलावाजवळचा. तो अर्जुनी मोरगावकडचा. प्लाटूनमध्ये बाकी सगळे हरियाणा, बिहार, तामिळनाडूचे. पहिल्याच दिवशी लंगरच्या लाइनीत मागून आवाज आला, "भात कच्चाच हाय बे." मी ताट घेऊन तसाच वळलो. त्याआधीच्या सहा महिन्यांत आपली बोली कानावर पडली नव्हती.

पुढे दोन सीझन आम्ही लेहच्या आसपासच्या सगळ्या रस्त्यांवर एकाच कॉन्व्हॉयमध्ये गाड्या चालवल्या. पहाटे चारला उठायचं. पावणेपाचला गाडीची तपासणी, टायर, ब्रेक, अँटिफ्रीझ. साडेपाचला पहिली गाडी गेटबाहेर. सगळ्यात पुढची गाडी ती लीड, सगळ्यात मागची ती टेल. लोकांना वाटतं पुढची गाडी महत्त्वाची. तसं नसतं. पुढच्याला रस्ता दिसतो. मागच्याला सगळे दिसतात. कोणाची गाडी बिघडली, कोण डुलक्या घेतोय, कोण मागे पडला, हे टेलवाल्याने बघायचं. आमचे सुभेदार साहेब टेलला नेहमी शहारेला ठेवत.

तो सतरा वर्षांनी नाईक होऊन पेन्शनवर आला. मी हवालदार होऊन बावीस वर्षांनी आलो. त्याने धानाची शेती धरली. मी गोंदियाला राहिलो आणि माहितीच्या लोकांना गाड्यांनी लडाख दाखवून आणू लागलो. लोक आपापल्या गाड्या आणत. मी पुढे राहून रस्ता दाखवायचा, मुक्काम ठरवायचा, तब्येती सांभाळायच्या. तीन वर्षं हे नीट चाललं.

चौथ्या वर्षी सप्टेंबरमध्ये तीन गाड्या निघाल्या. अकरा माणसं. पहिल्या गाडीत राईस मिलवाले जयस्वालजी, त्यांचं कुटुंब आणि मी. दुसऱ्या गाडीत बँकेतले दोन मित्र आणि त्यांच्या घरची मंडळी. तिसरी गाडी बोपचे सरांची. सर आणि मॅडम दोघंही शाळेतून निवृत्त झालेले. सर डोंगरात गाडी चालवायला तयार नव्हते. लेहपर्यंत त्यांच्यासाठी जम्मूचा एक ड्रायव्हर ठेवला. लेहच्या पुढे कोण, हा प्रश्न होता. मी शहारेला फोन केला.

"येतोस काय? बारा दिवस. टेलला माणूस पायजे."

"धान निसवून राहिला ना आता."

"विमानाचं तिकीट मी काढतो."

त्याने धानाचा विषय सोडला. मग म्हणाला, "पँगाँग अजून तसाच हाय काय रे?"

मी समजलो, हा येणार.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. आम्ही बाकीचे श्रीनगर, कारगिल करत हळूहळू वर चढलो होतो. वाटेत दरड कोसळल्याने द्रासला दोन दिवस अडकलोसुद्धा. आमच्या अंगाला उंचीची सवय झाली होती. शहारे नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून थेट लेहला उतरला. हजार फुटांवरचा माणूस एका सकाळीत साडेअकरा हजारांवर. फौजेत अशा माणसाला सहा दिवस गाडीला हात लावू देत नाहीत. लेहला सहा दिवस, मग वर चार, आणखी वर चार. हा नियम मला तोंडपाठ होता. मी नव्या पोरांना तो शिकवला होता.

प्लॅनमध्ये त्याच्यासाठी लेहला तीन दिवस ठेवले होते. तेही कमीच. द्रासला गेलेले दोन दिवस भरून काढायचे म्हणून जयस्वालजी हॉटेलात म्हणाले, "हवलदार साहब, कल ही निकल चलते हैं. मिल का सीझन है, सबको लौटना है." बाकीच्यांनीही मान डोलावली. मी शहारेकडे पाहिलं.

"मी काय नवा हावो काय?" तो म्हणाला. "चाल."

मी हो म्हटलं. जयस्वालजींना दोष देत नाही. त्यांना नियम माहीत नव्हता. मला होता.

दुसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड ओलांडून हुंडरला गेलो. तिथे बर्फाच्या डोंगरांखाली वाळूचे ढीग आहेत, दोन वशिंडांचे उंट आहेत. मंडळी खूश झाली. बोपचे मॅडम वाळूत चपला काढून चालल्या. शहारे गाडीजवळच बसून होता. संध्याकाळी मी सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातला ऑक्सिजन बघत असे आणि वहीत आकडे लिहीत असे. अकरा नावं. शहारे माझ्यासोबत बॅटरी धरून उभा राहायचा. त्याचं बोट मी एकदाही घेतलं नाही. तो स्टाफ होता. तो फौजी होता. माझ्या डोक्यात तो यादीत नव्हताच.

हुंडरला दोन मुक्काम, मग पँगाँगला एक. पँगाँगला त्याला खोकला सुरू झाला. कोरडा.

"काय रे?"

"धूळ हाय."

तिथून त्सो कारला. पंधरा हजार फूट. दोन ऑक्सिजन सिलिंडर होते, त्यातलं एक तिथे जयस्वालजींच्या आईला लागलं आणि संपलं. सकाळी सातला मोरे मैदानात उतरलो. चाळीस किलोमीटर सपाट, झाड नाही, घर नाही, नुसती धूळ आणि वारा. नऊ पस्तीसला पांग. पांगला लष्कराची मेडिकल रूम आहे. तिच्या समोरच्या तंबूत आम्ही चहा घेतला. पंचवीस मिनिटं थांबलो. शहारे गाडीतून उतरला नाही. चहा त्याला बोपचे सरांनी नेऊन दिला. मी तेव्हा पुढच्या रस्त्याची चौकशी करत होतो. आभाळ भरलं होतं. ट्रकवाले म्हणाले, निघा लवकर, दुपारनंतर बर्फ आहे.

अकरा वीसला लाचुंगला खिंड पार केली. बर्फ सुरू झालं होतं. पलीकडे उतार संपतो तिथे एक खोलगट जागा आहे, फौजी तिला व्हिस्की नाला म्हणतात. जागा वाईट आहे. मागे लाचुंगला, पुढे नकीला ही दुसरी खिंड. कोणत्याही बाजूने खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं. उंचीने आजारी पडलेल्याला खाली नेणं हेच औषध, आणि तिथून खाली जाताच येत नाही.

बारा दहाला पुढची ट्रकची रांग थांबली. नकीलाच्या चढावर दोन ट्रक आडवे झाले होते. मी वॉकीटॉकी घेतला.

"लीड टू ऑल. हॉल्ट. हँडब्रेक, टायरला दगड लावा. इंजिन चालू ठेवून झोपू नका. टेल, ॲक्नॉलेज, ओव्हर."

"टेल. ओके." त्याने 'ओव्हर' म्हटलं नाही. तेवढा श्वास त्याला पुरला नसावा, हे मला नंतर कळलं.

एकच्या सुमारास लाचुंगलाच्या बाजूलाही दरड आली. आता मागेही जाता येईना.

एक चाळीसला रेडिओवर तो बोलला.

"लीड, टेल. मॅडमची तब्येत ठीक नाही. सिलिंडर घेऊन ये."

मी सिलिंडर उचललं आणि चालत मागे गेलो. दोनशे मीटर असेल, दम लागत होता. मॅडम मागच्या सीटवर होत्या. ओठ निळसर, डोकं धरून बसलेल्या. अंगावर शहारेचं जॅकेट. ऑक्सिमीटर लावला. चौसष्ट. मास्क लावला, फ्लो ठरवला. दहा मिनिटांत सत्तरच्या वर गेल्या. मला बरं वाटलं. मी पुढच्या सीटकडे बघून म्हणालो, "टाइमावर बोलावलंस."

शहारे स्टिअरिंगवर कपाळ टेकून होता. मी त्याचा खांदा मागे केला. त्याच्या छातीतून पाण्यात हवा सोडल्यासारखा आवाज येत होता. रुमालावर गुलाबी फेस होता. बोट घेतलं. एकोणपन्नास.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मले नको पाय. ते बाईले पाय."

"कधीपासून, शहारे?"

"पँगाँग."

"कायले नाही सांगितलं बे?"

"तू म्हणला असता, मांगं जा." त्याला थांबून श्वास घ्यावा लागला. "मंग टेलले कोण?"

एक सिलिंडर होतं. काटा निम्म्याच्या थोडा वर. मी तिथे उभा राहिलो. किती वेळ, ते माहीत नाही. माझ्या वहीत त्या वेळेची नोंद नाही. बावीस वर्षांत मला कोणीतरी हुकूम दिला होता किंवा मी दिला होता. इथे हुकूम द्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

बोपचे मॅडमनी स्वतः मास्क काढला. "त्यांना लावा," म्हणाल्या. "मी बसली आहे ना."  सर खिडकीबाहेर बघत राहिले. 

मी मास्क शहारेला लावला. त्याने तो ओढून काढायचा प्रयत्न केला. मी त्याचे हात दाबून धरले. त्याच्या हातांत जोर राहिला नव्हता.

मग मी धावलो. पळता येत नाही त्या उंचीवर, पण धावलो. ट्रक ड्रायव्हरांना विचारत गेलो, कोणाकडे ऑक्सिजन आहे का. नव्हता. एका सरदारजीने सांगितलं की नकीलाच्या माथ्यावर पलीकडून रस्ता साफ करणारा डोझर आला आहे, त्यांच्यासोबत लष्कराची ॲम्ब्युलन्स आहे, पण ती या बाजूला येऊ शकत नाही. अंतर चार किलोमीटर.

"तो उठा के ले चलते हैं जी," सरदारजी म्हणाला. त्याने दोन क्लीनरना हाक मारली, ट्रकची ताडपत्री फाडली आणि दोन बांबूंना बांधली.

तीन पाचला आम्ही निघालो. सहा माणसं. सरदारजी, दोन क्लीनर, बँकेतला एक मित्र आणि मी. चौघांनी उचलायचं, दोघांनी बदली द्यायची. सहावे जयस्वालजी. अठ्ठावन्न वर्षांचे, जाडजूड, गुडघ्याचा त्रास. मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे न बघता बांबू खांद्यावर घेतला. पन्नास पावलं चालायचं, थांबायचं. पुन्हा पन्नास. बर्फ आडवं मारत होतं. माझ्या एका हातात सिलिंडर होतं. मी काटा बघत होतो आणि तो बघवत नव्हता.

वाटेत तो एकदा शुद्धीवर आला. "मॅडम?" म्हणाला.

"ठीक आहेत." मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं.

"गाडीले हँडब्रेक..."

"लावला."

चार पन्नासला सिलिंडर संपलं. अजून दीड किलोमीटर होतं. मी सिलिंडर रस्त्यातच टाकलं आणि बांबूला हात लावला.  जयस्वालजी रडत होते, आणि चालत होते. पाच पस्तीसला नकीलाच्या माथ्यावर पताका दिसल्या, त्याखाली हिरवी ॲम्ब्युलन्स. नर्सिंग असिस्टंट पळत आला. त्याने मान तपासली, डोळे उघडून पाहिले, छाती दाबायला सुरुवात केली. वीस मिनिटं दाबत होता. पोरगं विशीतलं, घामाने निथळलं. शेवटी मीच म्हणालो, "बस कर, बेटा."

पाच पंचावन्न.

मॅडम वाचल्या. बर्फ थांबलं, सकाळी सातला रस्ता उघडला, त्यांना ॲम्ब्युलन्सने खाली नेलं. सर्छूच्या पुढे उतरल्यावर दोन तासांत त्या बोलू लागल्या.

खाली पोलीस चौकीत हवालदाराने फॉर्म भरला. "टूरिस्ट?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "फौजी." "सर्व्हिंग?" "नाही." त्याने टूरिस्ट लिहिलं. त्याचंही बरोबर होतं.

चौथ्या दिवशी त्याला गावी आणलं. सरकारी सलामी नव्हती. ती नोकरीत गेलेल्याला मिळते. तालुक्यातले चौदा माजी सैनिक आले होते. कोणी अर्जुनीहून एसटीने, कोणी मोटरसायकलने. फौजी बेरे टोप्या घालून, मेडल लावून त्यांनी दोन रांगा केल्या. भंतेजींनी त्रिसरण पंचशील म्हटलं. मग सगळ्यात सीनियर म्हणून मी सलामीची ऑर्डर दिली. ती मी स्वच्छ आवाजात दिली. तेवढं जमलं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मी पुन्हा गेलो. त्याची बायको सुनंदा ओसरीवर बसली होती. मी समोर बसलो. 

"भाऊजी, त्याईले खोकला होता का जी?"

"होता."

"किती दिवस?"

"तीन."

"मंग तुमाले दिसला नाही?"

वाटेत मी उत्तरं जमवत आलो होतो. धूळ होती, थंडी होती, त्याने लपवलं. ती सगळी खरी होती.

"दिसला," मी म्हटलं. "मी त्याचं बोट नाही पाहिलं, वहिनी. बाकी सगळ्यांची पाहिली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती उठून आत जाईल, किंवा मला जा म्हणेल. ती म्हणाली, "धान कापाले आला हाय. माणसं मिळून नाही राहिले."

मी नऊ दिवस तिथे राहिलो. कापणी केली, भारे बांधले, खळ्यावर आणून रचले. ती रोज बांधावर जेवण आणून ठेवायची. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. ती मला माफ करते असं तिने कधी म्हटलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही.

त्यानंतर मी एकही ट्रिप नेली नाही. लोक विचारतात. शाळा पंधरा ऑगस्टला बोलावतात, पोरं विचारतात, तुम्ही लढाई पाहिली का, तुमचा कोणी मित्र शहीद झाला का. मी त्यांना शहारेचं सांगतो. शहीद हा शब्द मी वापरत नाही, तो कागदावर बसत नाही. मी सांगतो ते असं: नाईक देवानंद शहारे, तालुका अर्जुनी मोरगाव, वय सेहेचाळीस. सतरा वर्षं फौजेची गाडी चालवली, जगातल्या सगळ्यात उंच रस्त्यांवरसुद्धा. एकदाही अपघात नाही. त्याच्या पुढचा एकही माणूस कधी मागे राहिला नाही.