पिच्चर संपेपर्यंत बसणारा माणूस

सिनेमा संपून दिवे लागले की रामटेक्यांच्या घरची माणसं प्रज्ञेशला तिथंच सोडून बाहेर पडतात. भांडून नव्हे, रीतच आहे तशी. त्याची बायको सोनाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीला टेकून उभी राहते, मुलगी निकिता कोपऱ्यावरून वडापाव आणते, आणि आत पडद्यावर लाइटवाले, गाडीवाले, चहावाले यांची नावं वर सरकत असतात तेव्हा प्रज्ञेश एकटाच खुर्चीत ताठ बसलेला असतो. झाडणाऱ्या बाई रांगा उरकत त्याच्यापाशी येऊन थांबतात.

"साहेब, पाय."

साहेब पाय वर घेतात, पण उठत नाहीत. नावांच्या मागं संगीत चालू असतं ना! संगीत वाजत असताना उठणं म्हणजे जेवत्या माणसाच्या पुढ्यातलं ताट ओढणं, असं त्याचं मत आहे.

मतं त्याच्याकडं भरपूर. पाटबंधारे खात्यात खडकवासल्याच्या कालव्यावर नोकरी. तिथं मतं मांडायला वाव नाही, पाणी वरून सांगतील तेव्हा सोडायचं. त्यामुळं सगळी मतं साठून साठून सिनेमाच्या संगीताकडं वळली. त्यातही गाण्यांकडं नाही. गाणी म्हणजे पाहुणे, तो म्हणतो. येतात, मिरवतात, अत्तर लावून जातात. घर चालवतं ते पार्श्वसंगीत. बाई चुलीपुढं बसलीय, कुणी काही बोलत नाही, आणि मागं एकच बासरी वाजते, तेव्हा तुमच्या घशात काहीतरी अडकतं. ते कुणी अडकवलं? त्या माणसाचं नाव विचारा बरं चारचौघांत. सांगता येणार नाही कुणाला!

आणि कॅसेटवाल्यांवर तर त्याचा जुना राग. सगळ्या सिनेमाभर माणसानं जीव ओतून वाजवलं, आणि बाजारात काय आणलं? सहा गाणी, आणि जागा उरली म्हणून शेवटी मिनिटभराचा एक तुकडा, तोही हळूहळू आवाज कमी करत विझवलेला. "आवाज बारीक करून संपवणं म्हणजे बिल न देता हॉटेलातून सटकणं," प्रज्ञेश म्हणतो. "संपवायचं तर नीट संपवा. उभं राहा, नमस्कार करा, जा."

म्हणून मग तो स्वतःच जोडकाम करतो. टीव्हीवरून उतरवलेलं, जुन्या डीव्हीडीतलं, कुणा हौशी माणसानं मद्रासहून पाठवलेलं, असे तुकडे जमवून एकेक पूर्ण चीज उभी करतो. जिथं संवादाखाली संगीत दबलंय तिथं पूर्वी हात टेकायला लागायचे. आता संगणकावर शब्द वेगळे काढता येतात. पण त्यावरही त्याचं मत आहेच. शब्द धुऊन निघतात खरे, पण जोरात घासलं की संगीताचाही रंग जातो. तेव्हा बेतानं. आणि एक नियम तर दगडावरची रेघ, एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून लांबी वाढवायची नाही. "ते लांबवणं नव्हे, ते पाणी घालणं."

या साऱ्या जोडकामात एक चीज त्याच्या काळजाची. एका जुन्या मराठी सिनेमातला प्रसंग. एसटीच्या थांब्यावर एक बाई नवऱ्याची वाट बघतेय. एक गाडी येते, जाते. दुसरी येते, जाते. बाई बसूनच. मग दिवे लागायच्या वेळेला शेवटची गाडी येते, आणि त्यातून तो उतरतो. संवाद जवळजवळ नाहीत. आधी एकटी सनई, मग सारंगी, मधे नुसती शांतता आणि एक तंबोरा, आणि शेवटची गाडी वळणावर दिसते तेव्हा हलगी! कॅसेटवर यातली फक्त सनई होती, तीही विझवलेली.

तो सिनेमा त्यानं लहानपणी खडकीच्या थिएटरात आईबरोबर पाहिला. आई, चंद्रभागा, भंडाऱ्याकडून लग्न होऊन पुण्यात आलेली. नवरा फॅक्टरीत, पदराला तीन पोरं. सिनेमा संपला की जिन्यावर ही झुंबड. आई म्हणायची, "बस रे पोट्ट्या, गर्दी जाऊ दे." पोरं दामटून बसवलेली, थिएटर रिकामं होत चाललेलं, आणि वर संगीत आपलं वाजतच. तिथंच प्रज्ञेशला हा नाद लागला. आईला त्यातलं काही माहीत नाही. ती गर्दीला घाबरत होती, एवढंच.

बरीच वर्षं खपून त्यानं तो प्रसंग सनईपासून हलगीपर्यंत पूर्ण जोडला. चांगला दहा-अकरा मिनिटांचा झाला. घरात त्याचा पूर्ण श्रोता मात्र एकही नाही. सोनाली सारंगीपाशी कुकर लावायला उठते. निकिता लहानपणी सनईतच झोपायची, मोठेपणी फोनवर बोलायला बाहेर जायची. यानं कधी तक्रार केली नाही, पण प्रत्येक वेळी शेवटी खोलीत एकटंच उरायला त्याला आवडत होतं असंही नाही.

आणि मग निकिताचं लग्न ठरलं.

मुलगा अभय, तिच्याच कंपनीतला, हसरा. लग्न विश्रांतवाडीच्या हॉलवर, सकाळचं. विधी आपला नेहमीचा साधा, त्रिशरण-पंचशील आणि फुलं. पण त्याआधी नवरीची एंट्री म्हणून एक प्रकार असतो हल्ली. अभयच्या मित्रांनी एक धडाडधूम हिंदी गाणं काढून ठेवलं होतं, वर धुराचं मशीन.

एका रविवारी निकिता बापाच्या खोलीत येऊन पलंगावर बसली. "पप्पा, माझी एंट्री तुम्ही करा. तुमचं ते एसटी स्टँडवालं."

प्रज्ञेशनं हेडफोन काढले. आपण नीट ऐकलं ना, याची त्याला खात्री वाटेना.

"पण दोन मिनिटं हं. मॅक्स! आणि डिप्रेसिंग पार्ट नको."

"डिप्रेसिंग नाहीये गं ते. ती वाट बघते आहे."

"पप्पा, हॉलमध्ये चारशे लोक असणार. तेपण वाट बघत असतील, जेवणाची."

"आणि दोन मिनिटांनंतर?"

"त्यानंतर मुलांचं गाणं. त्यांना तसं सांगितलंय मी. आणि लोक बोअर झालेले दिसले तर आधीच चेंज करायचं. प्लीज, रागावू नका."

तो रागावला नाही. घाबरला. तीस वर्षांत घरच्या दोन-तीन माणसांना जे शेवटपर्यंत ऐकवता आलं नाही, ते चारशेंसमोर लावायचं. हसं झालं तर आपलं नव्हे, लेकीचं होणार, तेही तिच्या लग्नात. आणि नको म्हणावं, तर तिनं आपणहून मागितलेलं हे पहिलंच संगीत.

मग कापाकापी सुरू झाली. थोडी सनई ठेवली, सारंगीचा एक घोट ठेवला, तंबोरा सगळा काढला, आणि शेवटी हलगीची एक थाप मारून बंद. कापताना आतून असे काही उसासे येत होते की सोनालीनं दारातून डोकावून पाहिलं. "अहो, अपेंडिक्स काढलं तेव्हासुद्धा तुम्ही एवढे कण्हला नव्हतात."

पेन ड्राइव्ह घेऊन तो नारायण पेठेत सुदर्शनकडं गेला. सुदर्शन साउंडवाला. लग्नं, सभा, गणपती, सगळीकडं त्याचेच स्पीकर. त्यानं डोळे मिटून तुकडा ऐकला आणि म्हणाला, "काका, यात बेस नाही."

"नसायलाच हवा."

"लोक नाचणार कसे?"

"नवरी येते आहे, मिरवणूक नाही."

"बरं. आणि ही दुसरी फाइल कसली, पूर्ण नावाची?" त्यानं लांबी पाहिली. "अहो, नवरी हॉलच्या दारातून येणार आहे की खडकवासल्याहून पोहत?"

"असू दे," प्रज्ञेश म्हणाला. "वाजवायची नाही. नुसती असू दे."

लग्नाच्या दिवशी सगळं वेळेवर चाललं होतं, हीच मोठी गंमत. पाहुणे बसलेले, मंचावर बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लागलेल्या, बौद्धाचार्य पुस्तक उघडून तयार. अभय पांढऱ्या कुर्त्यात घाम पुसत उभा. धुराचं मशीन मित्रांनी झेंडूच्या टोपलीआड दडवलेलं. प्रज्ञेश सुदर्शनच्या टेबलाशी, आणि दारात निकिता, पांढरी साडी, केसांत मोगरा. आजीला, म्हणजे प्रज्ञेशच्या आईला, चाकाच्या खुर्चीतून आधीच मंचावर न्यायचं ठरलं होतं. आजीनं खुर्ची हातानं मागं सारली.

"मी नातीसंगं चालतो. खुर्चीवर ढकलून कायले नेता मले? मी का सामान हाओ?"

"आजी, गुडघे!" निकिता म्हणाली.

"गुडघे माये हायेत ना? मंग. धर हात."

सुदर्शननं बटण दाबलं. सनई सुरू झाली, आणि हॉलमधली कुजबुज एकदम खाली बसली. निकितानं पाऊल टाकलं. आजीनं टाकलं. मग आजी थांबली. मग परत एक टाकलं. वाटेत एका बाईला तिनं "कवा आली वं?" असंही विचारून घेतलं. दोघी अजून निम्म्यावरही आल्या नव्हत्या, कूलरपाशीच होत्या, तेवढ्यात हलगीची थाप पडली आणि संगीत संपलं. नीट, नमस्कार करून, प्रज्ञेशच्या पद्धतीनं.

हॉलमध्ये कूलरचा तेवढा आवाज. मागं कुणीतरी खोकलं, आणि धुराच्या मशीननं झेंडूतून एक पिचकारी सोडली.

"काका," सुदर्शन कुजबुजला, "हेच परत फिरवू?"

"फिरवायचं नाही!" प्रज्ञेश एवढ्या जोरात म्हणाला की पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं.

"मग पोरांचं गाणं लावतो. ठरलंय तसं."

प्रज्ञेशनं मान हलवली. ठरलं होतंच. सुदर्शनचं बोट बटणावर गेलं. एवढ्यात कूलरपाशी निकितानं एकदा आजीच्या पायांकडं पाहिलं, एकदा मंचाकडं, आणि मग नवरीनं काढू नये अशा आवाजात हाक मारली, "पप्पा! मोठं आणलंय ना तुम्ही? मला माहितेय आणलंय. ते लावा!"

चारशे लोक हसले. पण वाईट हसले नाहीत.

सुदर्शननं फाइल उघडली. "सुरुवातीपासून?"

"नको नको. दुसरी गाडी निघून जाते तिथून."

"कुठली गाडी?"

"सरक," प्रज्ञेश म्हणाला, आणि त्यानं स्वतःच माउस धरला. संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या डोंगर-दऱ्या दिसत होत्या. त्यातली कुठली दरी तंबोऱ्याची, हे त्याला झोपेतही सापडलं असतं. तिच्या तोंडाशी, सारंगीच्या शेवटच्या उतारावर त्यानं अलगद बोट टेकवलं.

सारंगी उतरत गेली आणि तंबोरा उरला. नुसता. वाट बघणं. नेमकी त्याच वेळी आजी दमली. कुणीतरी खुर्ची पुढं केली, आजी टेकली, निकिता शेजारी उभी. कुणी पाणी आणलं. म्हातारी दम खातेय, नवरी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभीय, आणि वर तंबोरा. जणू संगीतालाच सांगून ठेवलं होतं की इथं थांबायचंय. सोनाली मंचाच्या पायरीवर होती. तिनं पदर तोंडाला लावलेला प्रज्ञेशला लांबून दिसला. इथंच ती कुकर लावायला उठायची.

मग अगदी लांबून, वळणापलीकडून यावी तशी हलगी. बारीक. थोडी जवळ. आजीनं मान वर केली.

"चाल वं," ती निकिताला म्हणाली, आणि उठली.

आता हलगी जवळ येत होती आणि आजीची पावलंही. पहिली टाळी कुणी वाजवली कळलं नाही, पण मंचापाशी पोचेपर्यंत सगळा हॉल ठेक्यावर टाळ्या देत होता. अभयचे मित्र धूर विसरून मोबाइल वर धरून उभे होते. अभय खाली उतरून आला तो आधी आजीचा हात धरायला.

पोचल्या दोघी. संगीत मात्र अजून बाकी होतं. नवरा गाडीतून उतरतो, बाई उठते, दोघं काही न बोलता गावाकडं चालू लागतात, तेवढा सारा भाग. बौद्धाचार्यांनी माइक पुढं ओढला. प्रज्ञेशचा हात आवाजाच्या बटणावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळूहळू विझवणार होता, बिल न देता सटकणार होता.

बौद्धाचार्यांनी तिथूनच तळहात दाखवला. "असू द्या, साहेब. होऊ द्या पुरं."

झालं पुरं. हलगी थांबली, सनई एकदाच वर गेली, खाली आली, संपली. तोवर एक खुर्ची सरकली नाही. जेवणाच्या दारापाशी उभे असलेले चार जण तेवढे होते, तेही तिथंच थबकलेले.

"काका," सुदर्शन हळूच म्हणाला, "बेस असता तर अजून मजा आली असती." मग पेन ड्राइव्ह परत देत, "मला पाठवून ठेवा ते."

प्रज्ञेश मंचावर गेला, बापानं जिथं उभं राहायचं तिथं उभा राहिला. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तो सोनालीनं दिला. खुर्चीत बसलेल्या आईनं त्याचा सदरा ओढला. तिला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही.

"झालं का रे? गर्दी गेली का?"

"नाही ना, आई," तो वाकून म्हणाला. "कोणीच उठलं नाही."