पान एकेचाळीस

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडून देतो. अमावास्या, वडाचं झाड, पैंजणांचा आवाज... असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता, हे लिहितानाही नाही. माझ्या हकिगतीत भर दुपार आहे, एक वही आहे आणि तिचं एक पान आहे. मी जन्मभर कारकुनी केली. कागदावर काय होतं आणि काय नव्हतं एवढं मला नक्की सांगता येतं, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही तेव्हा दादर टी.टी.ला ट्रामच्या शेवटच्या थांब्यामागे राहायचो. दोन खोल्या. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ श्रीधर. वडील लवकर गेले, म्हणून मी मॅट्रिक होताच फोर्टातल्या एका ऑफिसात चिकटलो आणि चित्रकलेच्या शाळेत जायचं राहून गेलं. त्याचं रडगाणं गात नाही. पण हात शिवशिवायचे, त्यांना काहीतरी काम द्यायला हवं होतं. मग मी ट्राममध्ये चित्रं काढायला लागलो.

दादर ते बोरीबंदर ट्रामला चांगला वेळ लागायचा. लोक वैतागायचे, मी खूश असायचो. ऑफिसातले एका बाजूला कोरे राहिलेले कागद बाइंडरकडून शिवून घ्यायचे, डब्याच्या पिशवीत मावेल एवढी वही करायची, आणि सगळ्या पानांवर आधीच नंबर टाकून ठेवायचे. शाईच्या पेनाने समोरच्या बाकावरचा माणूस काढायचा. खाली दोनच नोंदी — 'चढला' कुठे आणि 'उतरला' कुठे. माणूस उतरला की चित्र संपलं, मग नाक अर्धं राहिलं तरी राहू दे. घरी येऊन पुरं करायचं नाही.

दुसरा नियम म्हणजे, माणसाने आपल्याकडे पाहिलं की पेन बंद. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते, गिरणगावातून जाणाऱ्या ट्राममध्ये वही उघडून बसणारा माणूस लोकांना खटकायचा. एकदा चिंचपोकळीला एका गिरणी कामगाराने माझा हातच धरला.

"काय लिवतोस रे? सी.आय.डी. हायस काय?"

मी त्याला त्याचंच चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, "माझा कान एवढा मोठा हाय?" आणि भायखळ्याला उतरून गेला. तेव्हापासून मी आणखी सावध झालो. माझ्या वह्यांमधली सगळी माणसं खिडकीबाहेर बघतायत, पेंगतायत, नाहीतर पेपर वाचतायत. माझ्याकडे बघणारं एकही नाही.

श्रीधर माझी टर उडवायचा. एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा, सभा-मोर्च्यांच्या नादाला लागलेला. त्या जानेवारीत मी आठ दिवसांची रजा काढून ऑफिसातल्या राण्याबरोबर मेणवलीला निघालो. वाईजवळ कृष्णेचा घाट आहे, तो रंगवायचं कितीतरी दिवस मनात होतं. पहाटे पिशवी भरत होतो तेव्हा श्रीधर अंथरुणातूनच म्हणाला,

"दादा, ट्राममधल्या परक्या लोकांची तोंडं काढतोस, घाट काढायला एवढा लांब जातोस. माझं कधी काढणार?"

"तू कुठे पळून चाललायस? आल्यावर काढू."

"चहा पिऊन जा रे," आतून आई म्हणाली. मला गाडी गाठायची होती. मी चहा न पिताच निघालो.

मेणवलीला तिसऱ्या दिवशी दुपारी घाटावर बसून चाळिसाव्या पानावर पाण्याचा रंग लावत होतो. कागद पातळ, पाणी जरा जास्त झालं आणि निळा रंग खालच्या पानावर झिरपला. राण्याने आपल्या रुमालाने ते पान टिपलं. म्हणाला, "हे एकेचाळीस नंबर गेलं कामातून." मी पान उलटलं आणि बेचाळीसवर घाटाच्या पायऱ्या काढायला घेतल्या. तीन-साडेतीनचा सुमार असेल. घाटावर एक बाई गोधड्या धूत होती, एवढंच आठवतं. काही वेगळं वाटलं का, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. नाही वाटलं. मी पायऱ्या मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी तार आली. मुंबईत कर्फ्यू होता, गाड्यांचा भरवसा नव्हता. मी घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मी घाटावर होतो त्याच दुपारी लालबागला गोळीबार झाला, त्यात श्रीधर सापडला. शेजारच्या जोशी मास्तरांनी इस्पितळात जाऊन ओळख पटवली आणि त्यांनीच अग्नी दिला. दिवस असे होते की थांबायची सोयच नव्हती. मी त्याला पाहिलंच नाही. कोपऱ्यात दिवा होता, आई त्याच्याशेजारी बसली होती. मी चपला काढल्या, वही फळीवर ठेवली, पाणी प्यालो. मला रडू आलं नाही. पुढे कितीतरी दिवस मला काहीच वाटत नव्हतं. कोणी जेव म्हटलं की जेवायचो.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, "भिंतीवर लावायला एक चित्र काढ त्याचं."

घरात त्याचा एकच फोटो होता, मॅट्रिकच्या वर्गाचा. त्यातही ऐन वेळी मान वळवली होती पठ्ठ्याने, तोंडाच्या जागी नुसता पांढरा फराटा. मी आईला म्हटलं, काढतो, त्यात काय.

आणि बसलो, तर जमेना. कपाळ यायचं, केस यायचे, मधे काही नाही. ट्राममध्ये दहा मिनिटं पाहिलेल्या त्या कामगाराचा कान मला जसाच्या तसा आठवत होता. एकोणीस वर्षं एका ताटात जेवलेल्या भावाचं नाक आठवेना. एवढी लाज मला आयुष्यात कशाची वाटली नाही. चार दिवस कागद फाडत होतो. आई दारातून बघायची आणि आत जायची.

चांगले कागद संपले म्हणून फळीवरची वही काढली. कोरं पान शोधत उलटत गेलो आणि एकेचाळीसवर थांबलो.

पानावर श्रीधर होता. ट्रामच्या लाकडी बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, आणि सरळ माझ्याकडे बघणारा. हसत नव्हता, घाबरलेलाही नव्हता. कोणी आपलं चित्र काढत असलं की माणूस जरा ताठ बसतो, तसा बसला होता. शाई माझी, रेघ माझी. घाईत मी बाकाच्या फळ्या अर्ध्या सोडतो, तशाच सोडलेल्या. पानावरचा निळा डाग मेणवलीचा होता आणि रेघा त्या वाळलेल्या डागावरून गेल्या होत्या, कुठेही फुटल्या नव्हत्या. खाली माझ्या अक्षरात दोन नोंदी. 'चढला — लालबाग.' 'उतरला —' आणि पुढे कोरं.

गोळीबाराच्या दिवशी लालबागवरून ट्राम चालूच नव्हत्या.

मी राण्याला बोलावून घेतलं. त्याने पान उजेडात धरलं, तिरकं करून बघितलं.

"हात तुझाच आहे."

"मी नाही काढलं."

"मला कशाला सांगतोस? मीच टिपलं होतं ना हे पान. कोरं होतं रे." त्याने वही खाली ठेवली ती पुन्हा हातात घेतली नाही. चहा प्यायला आणि गेला. त्यानंतर आम्ही कधी एकत्र रंगवायला गेलो नाही.

तुम्ही म्हणाल, शॉकमध्ये मीच काढलं असेल आणि विसरलो असेन. मीही स्वतःला हेच सांगायचो. पण मग आईने ते पाहिलं. तिने पदराने हात पुसले, वही जवळ घेतली आणि छातीवरच्या एका बटणावर बोट ठेवलं. बाकीची बटणं नुसती गोल होती, ते एकच शाईने भरलेलं.

"हे काळं बटण तुला कोणी सांगितलं?"

"कुठलं?"

"त्या दिवशी सकाळी निघताना तुटलं त्याचं. पांढरं सापडेना, म्हणून तुझ्या जुन्या कोटाचं काढून लावलं मी. कुरकुरत होता, लोक हसतील म्हणून." तिचं बोट बटणावरच होतं. "तो शर्ट काही परत आला नाही."

आईने 'कसं' असं एकदाही विचारलं नाही. मी मेणवलीला होतो हे तिला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे एकटा नव्हता."

चित्र भिंतीवर लावायला तिने नको म्हटलं. वहीतच राहू दे, फाडू नकोस. पण ट्राम सुरू झाल्यावर मी कामावरून परतलो की ती रोज विचारायची, भाजी आणलीस का विचारावं तशी — "दिसला का रे?" मी म्हणायचो, नाही. ती पान वाढायला घ्यायची. हे वर्षानुवर्षं चाललं. महाराष्ट्र झाला, गल्लीत रोषणाई झाली, त्या संध्याकाळीही तिने विचारलं. मी ट्राममध्ये वही उघडणं सोडून दिलं होतं. नुसता बसायचो आणि लालबाग आलं की दाराकडे बघायचो.

मग ट्रामच बंद व्हायची वेळ आली. शेवटच्या आठवड्यात आई म्हणाली, "मला एकदा ने." घराबाहेर फारशी न पडणारी बाई. आम्ही बसने बोरीबंदरला गेलो आणि दुपारची दादरची ट्राम धरली. वही आणायला तिनेच सांगितलं होतं. ती खिडकीशी बसली, मी समोर. भायखळा गेलं, चिंचपोकळी गेली. लालबागला ट्राम थांबली तेव्हा आईने लुगडं आवरलं आणि सरकून शेजारी एका माणसापुरती जागा केली. तिथे कोणी बसलं नाही. गर्दी होती, लोक उभे होते, तरी नाही बसलं. परळ गेलं. मला काही दिसलं नाही. खोटं कशाला सांगू.

टी.टी.ला ट्राम रिकामी झाली. आई उठली, दांडा धरून सावकाश खाली उतरली आणि रस्त्यावर उभी राहून, मागे वळून ट्रामच्या दाराकडे हात पुढे करून थांबली. क्षणभर वाटलं माझ्यासाठी. पण मी तर आधीच उतरून तिच्या पुढे उभा होतो.

घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाली, "आता लिही."

मी तिथेच वही मांडीवर घेतली आणि एकेचाळीस नंबरचं पान उघडलं. 'उतरला —' च्या पुढे लिहिलं, 'दादर टी.टी.' त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे. आधीच्या नोंदींची आणि मी नंतर लिहिल्याची शाई सारखीच फिकट पडलीय, अक्षरही एकच आहे. खुलासा माझ्याकडे काही नाही. त्या पानावरचे हे शेवटचे दोन शब्द तेवढे मी लिहिल्याचं मला आठवतं.