आईच्या घरातला ओझोन

आई गेल्यावर मुलुंडचं घर भाड्याने द्यायचं आणि मी ठाण्याला भावाकडे राहायचं, असं भावाने ठरवलं. मी मान हलवली. तेव्हा कशालाच नाही म्हणायचं बळ नव्हतं.

एजंट घर बघायला आला आणि स्वयंपाकघरात थबकला. "ताई, माशाचा वास मारतोय. पार्टी शाकाहारी आहे, दारातूनच परत जाईल. ओझोन मारून घ्या. वास मुळातून जातो, जंतूपण मरतात."

वास होताच. आई मालवणची. सुकट, सोडे, बांगड्याचं तिखलं. भिंतींनी ते सगळं आमच्याबरोबर खाल्लं होतं. आजारपणात त्यात फिनेल आणि चोळायचं तेल मिसळलं. डोळे मिटूनही मी तो वास ओळखला असता.

ओझोनच्या मशीनवाल्याने खिडक्या लावल्या, कुंड्या आणि खाण्याचे डबे बाहेर काढायला लावले. हा वायू माणसालाही बाधतो, म्हणून मीही बाहेर. सुक्या कोळंबीचा डबा मांडीवर घेऊन जिन्यात बसले.

समोरच्या, आईच्याच गावच्या मावशींनी दार उघडलं. "अगो बाय, जिन्यात बाजार मांडलंस काय?" मग डब्यात डोकावून हळूच, "आवशीच्या हातचे मा? मूठभर माका दी."

मशीन बंद झालं, खिडक्या उघडल्या, बराच वेळ पंखा फिरला. आत गेले तर झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र दर्प. आईच्या गोधडीत तोंड खुपसलं. काहीच नाही. तेराव्यालाही आई इतकी गेली नव्हती.

"किचनमध्ये थोडा राहिलाय," मशीनवाला म्हणाला. "अजून एक राउंड मारतो."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "नाही."

"ताई, वाट लावताय माझी," एजंट कळवळला. "पार्टी खाली आलीय ना!"

"येऊ दे."

नवराबायको वर आले. सभ्य माणसं होती. मी सांगितलं, "या घरात माझ्या आईने आयुष्यभर मासे शिजवले. ते पुसून मी घर दाखवणार नाही. आणि आता देणारही नाही. मी इथेच राहणार आहे." इतकं सलग मी कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

ते जिना उतरत होते तोवर एजंटने कळवलं असावं, भावाचा फोन आला.

"वेड लागलंय का गं तुला? एकटी राहणार तिथे?"

"हो."

"आणि त्या वासाचं काय?"

"थोडा शिल्लक आहे," मी म्हटलं. "वाढवीन."