फितूर पहारेकरी

गडचिरोलीच्या जंगलातल्या पडक्या किल्ल्याच्या दाराशी एक म्हातारा टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकत बसला होता. मधूनच उठून, गुडघ्यावर हात टेकत, तो दाराजवळच्या पहारेकऱ्याच्या देवडीत साचलेले दगड एकेक करून बाहेर काढायचा. नवे पर्यटक आले की हसत पुन्हा तिथेच दगड मारायचे. त्या देवडीतल्या पहारेकऱ्याने शत्रूला दार उघडून दिलं, असं माझ्या कादंबरीत आहे.

असा पहारेकरी इतिहासात कुठेच नाही. पंधरावं प्रकरण अडलं होतं आणि मला एक फितूर हवा होता. राजघराण्यातला घेतला असता तर मोर्चे निघाले असते, म्हणून मी जंगलातल्या गावचा घेतला.

"दगड कशाला उचलता, भाऊ?" मी विचारलं.

"पहारा आमच्याच घराण्यात होता नं. नातीची सोयरीक मोडली. पाव्हणे म्हणाले, दरवाजा विकणाऱ्यायची पोरगी नाई पाह्यजे."

"ते खोटंही असेल."

त्याने माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "मलेबी पयले तसंच वाटे. पण एवढ्या मोठ्या पुस्तकात आहे, म्हणजे केलंच असन आमच्या बुढ्यानं. शिकलेला माणूस खोटं काऊन लिहीन?"

तो शिकलेला माणूस मीच, हे मी सांगितलं नाही. टेंभरांचा द्रोण घेऊन गाडीत बसलो.

यंदा पाचवी आवृत्ती निघाली. पहारेकरी गाळू का, असं मी प्रकाशकांना विचारलं होतं. ते म्हणाले, वाचकांना तोच सर्वांत खरा वाटतो. मीही फार ताणलं नाही.