आबा मोटारीतून उतरेनात

मंडळी, आज आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, माझं डोकं उठवलं.

दिवसभर शिवणयंत्रावर बसून त्यांचं अंग जड झालंय. हकीमसाहेबांनी टेकडी चढायला सांगितली. हिंगोलीहून औंढ्याला जाणाऱ्या, कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारीत बसायचं, वाटेत टेकडीपाशी उतरायचं, इतकंच काम.

मोटार थांबली. मी उतरलो. आबा हलेनात.

"उतरा ना," मी म्हणालो.

"टेकडी इथूनच बराबर दिसून राहिली की."

ड्रायव्हर वैतागला, मागची माणसं कुरकुरू लागली. मी हात धरून ओढलं, तर आबांनी समोरचा दांडा घट्ट धरला. शेवटी मीच पुन्हा चढलो आणि तोंड फुगवून बसलो.

"काहून असं करता? मागच्या आठवड्यात तर आला होता माझ्यासंगं."

"आलतो. टेकडीवर तू पुढं निघून जातोस, मी मागं एकटाच. इथं जवळ बसतोस, दोन गोष्टी तरी होतात."

औंढ्यापर्यंत ते माझ्या गेलेल्या आईबद्दल बोलत राहिले. त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं.

चालणं मात्र आजही बुडालं. अशा माणसावर रागवावं तरी कसं, तुमीच सांगा.