पोटरीवरची निळी पट्टी

माझी मुलगी केतकी खो-खो खेळते. पोटरी दुखावल्यामुळे तिचा सराव बरेच दिवस बंद होता आणि त्या रविवारी ती पुन्हा सामन्यात उतरणार होती. मैदानाच्या कडेला फिजिओथेरपिस्ट मेधाताईंनी अंगठ्यांनी दाबत तिची पोटरी मोकळी केली आणि वर एक निळी पट्टी चिकटवली.

"ताई, हिच्यामुळे मी जास्त जोरात पळेन का?" केतकीनं विचारलं.

"पट्टीनं वेग वाढत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण पाय कुणीतरी धरलाय असं वाटत राहतं. मग भीती कमी होते."

सुरुवातीला केतकी पाय जपूनच टाकत होती. मग खांबापाशी तिनं एकदम हुलकावणी दिली आणि पाठलाग करणारी मुलगी भलतीकडेच गेली. मला वाटलं, आधार म्हणजे एवढंच असावं. पळायचं आपलं आपणच, फक्त कुणाचा तरी हात अंगावर रेंगाळत राहतो.

शेवटी ती बाद झालीच. धापा टाकत माझ्याशेजारी येऊन बसली.

"दुखलं का?" मी विचारलं.

"अरे बाबा," ती हसली, "बघायचं राहूनच गेलं."