दोनदा पीछे मुड

अनू, ईशान, उणे गुणिले उणे अधिक का, हे तुम्ही काल विचारलं. आज शेजारच्या शाळेतली कवायत ऐकली आणि सावनेरला मी घेतलेलं शिक्षक प्रशिक्षण आठवलं.

तिथल्या एका शाळेत गणिताचे शिक्षक नव्हते, म्हणून कवायतीच्या सरांना आठवीचं गणित दिलं होतं. फळ्यावर हाच नियम लिहून ते घामाघूम उभे होते.

"मॅडम, पोरं काहून, असं का म्हणतील, तं काय सांगू? मले नाही जमत."

"मैदानावर शिकवता तसं शिकवा," मी म्हटलं.

त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं.

"चुकलं तं मैदानाले चक्कर का, सर?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"पीछे मुड! पुन्हा पीछे मुड!" सरांनी हुकूम सोडला.

दोनदा मागे वळून आमची तोंडं पुन्हा समोर.

"एक उणे म्हणजे एक पीछे मुड," सर हसून म्हणाले. "दोन झाले, तं समोरच, म्हणजे अधिक."

सर आता निवृत्त आहेत. त्या शाळेत हा धडा अजून मैदानावरच होतो.